झाकला जाणारा थर कोणी तपासायचा?



आज पिकाचं कमी आणि चारीचं जास्त लिहिणार आहे. हरभरा फुलात आहे, पुढच्या पेरणीत घाटे धरायला लागलेत. या टप्प्याला एक पाणी बसलं तर उतारा धरतो, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पाळी सुटल्याचं कळलं म्हणून दोन रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसलो. पाणी आमच्या शिवारापर्यंत आलंच नाही. वर चालत गेलो तर कारण दिसलं. मागच्या उन्हाळ्यात अस्तरीकरण झालेल्या तुकड्यात सिमेंटचा पापुद्रा फुटून आतल्या बाजूला कलंडलाय. त्याच्या मागून पाणी भराव्यात शिरून खालच्या शेतात निघालंय. तिथं ज्वारी पाणी साचून पिवळी पडली आणि इकडं माझा हरभरा कोरडा. एकाच भगदाडानं दोघं बुडालो.

फुटलेली चारी ही काही बातमी नाही, तुमच्याही गावात असेल. मला लिहायचंय ते तक्रार केल्यावर काय झालं त्याबद्दल. कार्यालयाचं नाव, अधिकाऱ्याचं नाव लिहीत नाही. एका माणसाला धरून बोलायचा हा विषय नाही.

अर्ज केला थेट वरच्या साहेबांच्या नावानं. फोटो जोडले, कामाच्या फलकावरची रक्कम लिहिली. काही दिवसांनी खालच्या शाखेतून फोन आला. शाखा अभियंता तरुण पोरगा, बोलायला मोकळा. म्हणाला, "काका, तुमचा अर्ज वरून फिरत फिरत माझ्याकडंच आलाय. 'चौकशी करून अर्जदारास परस्पर कळवावे.' आता काम माझ्याच देखरेखीखाली झालंय. मीच माझी चौकशी काय करू, तुम्हीच सांगा."

मी हसलो, तोही हसला. महिन्याभरानं पत्र आलं की काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालेले असून किरकोळ दुरुस्ती कंत्राटदाराकडून करून घेण्यात येईल. खाली सही त्याचीच. मला त्या पोराचा राग आला नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडंच कागद पाठवायचा, ही रीत त्यानं पाडलेली नाही.

आता थोडं मातीचं बोलू, कारण घोळ तिथंच आहे आणि या पानावर कृषीवाले बरेच आहेत. आपली माती काळी, चिकण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाय अडकेल एवढी भेग पडते. अशा मातीवर सरळ सिमेंटचं अस्तर टाकलं तर एक-दोन हंगामांत माती फुगून त्याला आतून ढकलते. अस्तर कितीही चांगलं असू द्या, फुटणारच. याचा इलाज जुना आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर मधे देण्याची पद्धत बसवली. पुढं ती भारतीय मानकातही आली, आयएस ९४५१ म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर काळ्या मातीवर आधी चांगल्या, दाबलेल्या मुरुमासारख्या मातीचा थर द्यायचा आणि त्यावर सिमेंट. थर किती जाड ते माती किती जोरानं फुगते त्यावर ठरतं.

फुटलेल्या जागी मी कुदळ लावून पाहिलं. पापुद्र्याच्या मागं सरळ काळी माती होती. अंदाजपत्रकात तो थर धरला होता का, धरला असेल तर पैसे निघाले का, मला सांगता येत नाही. मोजमाप पुस्तिका मला कोणी दाखवली नाही. पण एक कळलं. हा थर एकदा सिमेंटखाली गेला की दिसत नाही. सिमेंटची जाडी कडेनं मोजता येते, चारीची रुंदी टेपनं मोजता येते. जे झाकलं जातं ते मात्र झाकायच्या आधीच कोणीतरी बघावं लागतं, आणि तो बघणारा काम करून घेणाऱ्याच्या हाताखालचा नको. पूर्ण लेखात मला एवढंच म्हणायचंय.

"पण गुणनियंत्रण आहे की," असं कोणी म्हणेल. आहे. जलसंपदा विभागात गुणनियंत्रणाची वेगळी शाखा आहे, दक्षता पथकं आहेत. कागदावर वेगळी. माणसं मात्र त्याच केडरची. आज जो गुणनियंत्रणात क्यूब फोडतोय तो दोन-तीन वर्षांनी बांधकामाच्या विभागात जाणार, आणि ज्याचे क्यूब फोडले तोच कदाचित त्याचा साहेब होणार. गोपनीय अहवाल विभागातच लिहिला जाणार, बदली विभागातूनच निघणार. अशा खुर्चीवर बसून कोण कडक शेरा मारेल? मारणारे असतात, नाही असं नाही. पण शेरा मारायला शौर्य लागत असेल तर ती व्यवस्था झाली नाही, ते त्या माणसाचं नशीब झालं.

असं शौर्य केलेल्या एका माणसाची गोष्ट आपल्या राज्यातच घडलीय. विजय पांढरे हे जलसंपदा विभागात नाशिकला मुख्य अभियंता होते. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे ते सदस्य होते. म्हणजे प्रकल्पांची तांत्रिक तपासणी करायला विभागानंच ठेवलेल्या समितीतला हा माणूस. २०१२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री आणि राज्यपालांना लांबलचक पत्रं लिहिली. कामाचा दर्जा, फुगवलेल्या किमती, बंद पडलेल्या उपसा योजना, सगळं त्यात होतं. त्या सप्टेंबरात पत्र पेपरात आलं आणि पुढं काय रण माजलं ते सगळ्यांना पाठ आहे. कोणी राजीनामा दिला, कोण परत आलं, हे राजकारण मी इथं उगाळत नाही. पांढरेंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. २०१४ ला आम आदमी पक्षाकडून नाशिकमधून लोकसभा लढवली, पडले.

मला यात खटकतं ते वेगळंच. तपासणीच्या समितीत बसलेल्या मुख्य अभियंत्याला पत्रं का लिहावी लागली? मुख्य अभियंता म्हणजे आपल्या दृष्टीनं आभाळ. त्याच्या वर फार थोडी माणसं. एवढ्या उंचीवरच्या माणसाला आतून तपासून आतच दुरुस्त करता आलं नाही, तर आमच्या शाखेतल्या त्या पोरानं काय करावं? आत आक्षेप नोंदवायला जागा असेलही, पण त्या आक्षेपाचं उत्तर द्यायला कोणी बांधील नव्हतं. मग माणूस एक तर गप बसतो, नाही तर घराबाहेर येऊन बोंब मारतो. तिसरा रस्ता त्या घरात नव्हताच.

त्याच वर्षी आणखी एक झालं. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात एक साधा तक्ता होता. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचं क्षेत्र २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. दहा वर्षांत हजारो कोटी गेले आणि वाढ ०.१ टक्का. हा आकडा कोणा विरोधकानं काढलेला नव्हता, सरकारच्याच पुस्तकात सरकारच्याच माणसांनी छापलेला होता. आकडा बरोबर की चूक यावर भांडणं झाली, आणि काही मुद्दे खरेही होते. विहिरीचं ओलित कसं धरायचं, लाभक्षेत्रातल्या विहिरी कुठं मोजायच्या, हा प्रश्न आपल्या तलाठ्यालाही पडतो. पण त्यावर उपाय काय निघाला? पुढच्या वर्षांच्या अहवालांत त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असं यायला लागलं. बैल लंगडतोय म्हणून आपण त्याच्या पायाकडं बघायचं बंद करतो का?

नंतर डॉ. माधवराव चितळेंच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. चितळे म्हणजे १९९३ चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळवलेला माणूस, पाण्यातला ऋषीच म्हणा. अहवाल २०१४ ला आला. माणूस मोठा होता यात वाद नाही. पण ते पथक १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचं नव्हतं, आणि तोवर सिमेंट ओतून कितीतरी वर्षं झाली होती. कॅगचंही तसंच. जलयुक्त शिवार सुरू झालं डिसेंबर २०१४ ला, ९,६३३ कोटी खर्च झाल्याचा आणि पाणी हवं तसं न वाढल्याचा कॅगचा अहवाल विधिमंडळात आला सप्टेंबर २०२० ला. कॅग आपलं काम चोख करतं. पण ते खळ्यावर आलेलं धान्य मोजतं, पेरणीच्या वेळी बांधावर नसतं. बांधावर कोण असायला पाहिजे, हा आपला प्रश्न आहे.

याचं उत्तर आपल्याच धंद्यात आहे. बियाण्याचं बघा. महाबीज बियाणं तयार करतं, पण प्रमाणित करत नाही. प्रमाणीकरण यंत्रणा वेगळी आहे. दोघांचीही मुख्यालयं अकोल्यातच, दोन्ही सरकारच्याच, तरी पिशवीवरचा निळा टॅग उत्पादक स्वतः लावून मोकळा होऊ शकत नाही. बीजोत्पादनाचा प्लॉट ज्यांनी घेतलाय त्यांना माहिती आहे, तपासणीला येणारा माणूस दुसऱ्या दाराचा असतो. आणि पुढं दुकानात निरीक्षकानं नमुना काढला तर १९६६ च्या बियाणे कायद्यात काय लिहिलंय? नमुन्याचे तीन वाटे करायचे, मोहोरबंद करायचे. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक प्रयोगशाळेला, एक निरीक्षकाकडं जपून. म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल कोणाला पटला नाही तर दुसरा वाटा आहे. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली तर कोणी "पोरं चांगली आहेत, जाऊ द्या" म्हणू शकत नाही.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा आपण सगळे दुबार पेरणीत पोळलोय. तेव्हा संभाजीनगरच्या खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली, तीही विसरलो नाही. पण तेव्हा भांडायला हातात काहीतरी होतं. टॅग होता, लॉट नंबर होता, उरलेली मूठभर पिशवी होती. चारी फुटली तेव्हा माझ्या हातात काय होतं? मोबाइलमधला फोटो.

सिमेंटच्या कामात क्यूब भरतात, १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडतात. एका नमुन्याला तीन क्यूब असतात, पण ते सरासरी काढायला. तिन्ही एकाच मालकाचे. गवंड्यांत बोललं जातं की क्यूबचा माल वेगळा कालवतात आणि अस्तराचा वेगळा. खरं-खोटं करायला कोणाकडं दुसरा वाटा नाही. माझं म्हणणं साधं आहे. जिथं पाणी वापर संस्था आहे तिथं क्यूबचा एक जादा संच संस्थेच्या समोर भरून, दोघांच्या सह्या करून संस्थेच्या ताब्यात द्या. वाद झाला तर तो दुसऱ्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत फुटेल. नाही झाला तर संस्थेच्या ऑफिसात दार अडवायला कामी येईल. आणि मातीच्या थराला तर प्रयोगशाळाही नको. सिमेंट टाकायच्या आदल्या दिवशी संस्थेचे दोन माणसं, एक कुदळ, एक टेप. ठरावीक अंतरावर खड्डा, जाडी लिहायची, सही करायची. त्या सहीशिवाय पुढचं बिल निघायचं नाही.

कायद्यात याला अगदीच आधार नाही असं नाही. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा आहे. त्यात चारी-वितरिका संस्थेच्या ताब्यात देताना संयुक्त पाहणीची रीत आहे. पण ती ताबा देताना. तेव्हा सगळं झाकलेलं असतं. तीच पाहणी काम चालू असताना आणा, एवढंच मागणं आहे. रोजगार हमीच्या कायद्यानं, तोही २००५ चाच, कलम १७ खाली ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षण दिलं. २०११ च्या नियमांनी तर सांगितलं की अंकेक्षण करणारी यंत्रणा काम राबवणाऱ्यांपासून स्वतंत्र पाहिजे. आमच्या गावात ते नीट झालं का, हे विचारू नका. तरी तत्त्व कायद्यानं मान्य केलेलं आहे. मातीकाम करणाऱ्या मजुराच्या हजेरीला स्वतंत्र तपासणी चालते, मग कोट्यवधीच्या अस्तराला का नको?

विभागाच्या आतल्या तपासणीचं काय करायचं तेही सांगतो, कारण दरवेळी कुदळ घेऊन शेतकरी पुरणार नाही. अमेरिकेत १९७८ ला कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांत 'इन्स्पेक्टर जनरल' बसवले. माणूस खात्यातच बसतो, खात्याचे सगळे कागद बघतो, पण त्याची चौकशी खात्याच्या प्रमुखाला सहसा थांबवता येत नाही. अहवाल प्रमुखासोबत तिथल्या संसदेलाही जातो. म्हणजे आतला माणूस, पण त्याच्या कागदाला बाहेरचं दार. तेही काही अभेद्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका रात्रीत सतराच्या आसपास इन्स्पेक्टर जनरल घरी पाठवले, संसदेला आधी कळवायचं असतं ते न कळवता. पण गंमत बघा, काढलं हे जगाला कळलं, कारण त्यांच्या खुर्चीला कायदा होता. आपल्याकडं गुणनियंत्रणाचा एखादा कडक अभियंता बदलून गेला तर त्याच्या निरोप समारंभाचा फोटो येतो फक्त.

आपल्याकडं गुणनियंत्रणाच्या अभियंत्याचा गोपनीय अहवाल जलसंपदाच्या बाहेरच्या माणसानं लिहावा, आणि त्याचा तपासणी अहवाल ठरावीक दिवसांत वेबसाइटवर पडावा. या दोन गोष्टी झाल्या तरी निम्मं काम होईल. आकडा बाहेर पडला की काय होतं ते आपण मराठवाडावाल्यांनी पाहिलंय. मेंढेगिरी समितीचा तक्ता आठवा. तोही जलसंपदातल्याच अभियंत्यानं केलेला. त्यामुळं ठरलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती साठा आहे बघायचं, आणि ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तक्ता सगळ्यांच्या हातात आला, म्हणून तर परभणीचा माणूस आज मोबाइलवर नाथसागराची टक्केवारी बघून नाशिक-नगरशी भांडतो. कोर्टकचेऱ्या झाल्या, तक्त्यावर आक्षेपही आले, पण भांडण आकड्यावर झालं, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

आता आपलीही उणीदुणी काढतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा साहेबांनाच झोडतो. चारी फोडून आडवा पाइप टाकणारे आपणच. कालव्यात मोटार सोडून वरच्या वर पाणी उचलणारे आपणच, आणि शेपटाकडच्यांना "तुमचं नशीब" म्हणणारेही आपणच. आमच्या संस्थेच्या मागच्या सभेला किती माणसं होती सांगू? अकरा. त्यात तीन चहासाठी. काम चालू होतं तेव्हा मीही उन्हाळ्याचं म्हणून हळद शिजवण्यात गुंतलो होतो, एकदाही चारीवर गेलो नाही. कंत्राटदाराच्या माणसानं "काका, पाणी मारायला तुमच्या बोरचं पाणी देता का" विचारलं तेव्हा दिलं, आणि मातीचा थर टाकलाय का हे विचारायचं सुचलंही नाही. कारण असा थर असतो हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते फुटल्यावर एका निवृत्त अभियंत्यानं बांधावर उभं राहून सांगितलं.

तेच बोलले, "दादा, मी पस्तीस वर्षं नोकरी केली. खोटं बिल मंजूर केलं नाही, पण खरं लिहून कोणाला पाठवायचं हेही कळलं नाही. म्हणून नुसतं 'पाहिले' लिहून सही करायचो." माणूस सज्जन आहे. 'पाहिले' या एका शब्दाखाली किती थर झाकले गेले असतील, याचा हिशोब मी त्यांच्यासमोर केला नाही.

येत्या रविवारी आमच्या संस्थेची सभा आहे. दोन ठराव मांडणार आहे. एक, फुटलेल्या तुकड्याची दुरुस्ती होताना सिमेंटच्या आधी खड्डे घेऊन थर मोजायचा आणि त्याची नोंद संस्थेच्या रजिस्टरात ठेवायची. दुसरा, दुरुस्तीच्या कामाचा क्यूबचा एक संच संस्थेला मिळावा म्हणून लेखी मागणी करायची. प्रत शाखेला नाही, गुणनियंत्रणाला आणि महामंडळाला. मिळेल असं वाटत नाही. पण नाही म्हणायचं असेल तर ते कोणाला तरी लिहून द्यावं लागेल.

तुमच्याकडं कोणत्या संस्थेनं काम चालू असताना असं काही करून घेतलं असेल तर कसं केलं ते खाली लिहा, आमच्या ठरावाला जोडतो. आणि जलसंपदात नोकरीला असलेले जे साहेब हे पान वाचतात (वाचतात, मला माहिती आहे), त्यांनी चुकलेलं बिनधास्त दुरुस्त करावं.

हरभऱ्याला शेवटी शेजारच्या भाऊच्या विहिरीवरून तुषार लावून पाच तास पाणी दिलं. रानाच्या खालच्या कोपऱ्यात मर दिसतेय, उद्या उपटून मुळं बघतो आणि फोटो टाकतो.